अमेरिकेची राज्यघटना, परंपरावादी विचार आणि सर्वोच्च न्यायालयाचे अलीकडचे निकाल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘परंपरावादी’ हा शब्द येथे कोणत्या अर्थाने वापरला आहे?

‘कन्झर्व्हेटिव्ह’ या शब्दासाठी मराठी वृत्तपत्रांत ‘पुराणमतवादी’, ‘परंपरावादी’ आणि ‘उजवे’ असे तीन शब्द आलटूनपालटून येतात. ‘पुराणमतवादी’ म्हटले की वाद सुरू होण्याआधीच समोरच्याला दोषी ठरवल्यासारखे होते, आणि ‘उजवे’ हा शब्द पक्षीय राजकारणाकडे झुकतो. म्हणून येथे ‘परंपरावादी’ हा शब्द घेतला आहे. न्यायाच्या क्षेत्रात त्याचा अर्थ पक्षनिष्ठा असा होत नाही. घटनेने जो प्रश्न न्यायाधीशांकडे सोपवलेला नाही तो त्यांनी आपल्याकडे ओढून घेऊ नये, लोकांनी निवडलेल्या विधिमंडळांकडे राहू द्यावा, हा या विचाराचा गाभा आहे. प्रत्येक खटल्यात ‘योग्य काय’ याच्याही आधी ‘हे ठरवायचे कोणी’ असे तो विचारतो, आणि माझ्या मते हीच त्याची खरी ताकद आहे. या कसोटीला तो स्वतः दरवेळी उतरतो का, हे पुढच्या उत्तरांतून दिसेल.

सध्याच्या न्यायालयात या विचाराचे किती न्यायमूर्ती आहेत?

नऊपैकी सहा न्यायमूर्तींची नेमणूक रिपब्लिकन अध्यक्षांनी केली आहे: क्लॅरेन्स थॉमस (१९९१), सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स (२००५), सॅम्युअल अलिटो (२००६), नील गोर्सच (२०१७), ब्रेट कॅव्हानॉ (२०१८) आणि एमी कोनी बॅरेट (२०२०). मात्र नेमणूक कोणी केली यावरून निकालाचे भाकीत करणे धोक्याचे असते. २०२० साली ‘बॉस्टॉक’ खटल्यात समलिंगी आणि पारलिंगी कर्मचाऱ्यांना नोकरीत संरक्षण देणारे निकालपत्र गोर्सच यांनीच लिहिले, आणि तेही १९६४च्या नागरी हक्क कायद्यातील शब्दांवर बोट ठेवून. त्याच शब्दांवर बोट ठेवून अलिटो यांनी त्याला कडक भिन्नमत लिहिले.

मूलार्थवाद म्हणजे नेमके काय?

‘ओरिजिनॅलिझम’साठी मराठीत ‘मूलार्थवाद’ हा शब्द पुरेसा जवळचा आहे. घटनेतील तरतूद ज्या वेळी संमत झाली त्या वेळच्या सामान्य जाणत्या नागरिकाला तिच्या शब्दांचा जो अर्थ लागला असता, तोच अर्थ आजही न्यायाधीशावर बंधनकारक आहे, असे हा वाद मानतो. घटनाकारांच्या मनात काय होते याचा शोध घेणे हा त्याचा जुना अवतार होता. आज मनातील हेतूपेक्षा शब्दांच्या सार्वजनिक अर्थाला महत्त्व दिले जाते, कारण मतदान शब्दांवर झाले होते.

सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांच्या काळात (१९५३ ते १९६९) आणि त्यानंतरच्या काही वर्षांत न्यायालयाने घटनेत थेट न लिहिलेले हक्क मान्य केले, त्याची प्रतिक्रिया म्हणून ही चळवळ आकाराला आली. १९८२ साली कायद्याच्या विद्यार्थ्यांनी फेडरॅलिस्ट सोसायटी ही परंपरावादी कायदेतज्ज्ञांची संघटना स्थापन केली. १९८५ साली अध्यक्ष रेगन यांचे अॅटर्नी जनरल एडविन मीस यांनी या पद्धतीचा जाहीर पुरस्कार केला, १९८६ साली याच विचाराचे अँटोनिन स्कॅलिया सर्वोच्च न्यायालयात आले, आणि १९८७ साली मूलार्थवादी न्यायाधीश रॉबर्ट बोर्क यांची सर्वोच्च न्यायालयावरील नेमणूक सिनेटने ५८ विरुद्ध ४२ मतांनी फेटाळली. त्या पराभवाची सल परंपरावादी वकिलांच्या मनात पुढे कित्येक वर्षे टिकली, आणि न्यायाधीशांच्या नेमणुकांकडे त्यांनी नंतर जे बारकाईने लक्ष दिले त्याचे मूळ बऱ्याच अंशी तेथे आहे.

मग विमान, दूरध्वनी, संगणक यांचे काय? अठराव्या शतकातल्या शब्दांनी त्यांचा निवाडा कसा होणार?

हा आक्षेप सर्वांत जास्त घेतला जातो, आणि तो बहुतेक वेळा गैरसमजातून येतो. शब्दाचा अर्थ स्थिर असला तरी तो लागू होणाऱ्या वस्तू बदलू शकतात. २००१ सालचा ‘कायलो’ खटला पाहावा. ऑरेगन राज्यात एका घरात गांजाची लागवड होत असल्याच्या संशयावरून सरकारी माणसांनी रस्त्यावरून उष्णता टिपणारे यंत्र त्या घरावर रोखले. ते घरात शिरले नाहीत, त्यांनी भिंतीला हातही लावला नाही. तरीही वॉरंटाशिवाय केलेली ही झडतीच आहे, असा निकाल न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी दिला आणि तो स्कॅलिया यांनी लिहिला. चौथी घटनादुरुस्ती १७९१ साली संमत झाली तेव्हा घराच्या आतले खासगीपण जेवढे सुरक्षित होते, तेवढे नव्या यंत्रानेही कमी करता येणार नाही, असा तो युक्तिवाद होता. या निकालाचा फायदा आरोपीला झाला, हे मुद्दाम लक्षात ठेवावे.

घटना लिहिणाऱ्यांत स्त्रिया नव्हत्या, गुलाम तर नव्हतेच. त्यांच्या शब्दांना आजच्या पिढीने का बांधून घ्यावे?

मूलार्थवादावरचा हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे. त्याला दिले जाणारे उत्तर असे की, बंधन १७८७च्या माणसांचे नाही, संमत झालेल्या मजकुराचे आहे, आणि त्या मजकुरात गुलामगिरी संपवणारी तेरावी, समान संरक्षण देणारी चौदावी (१८६८), वर्णाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास बंदी घालणारी पंधरावी आणि स्त्रियांना मताधिकार देणारी एकोणिसावी (१९२०) या दुरुस्त्याही येतात. बदल हवा असेल तर पाचव्या कलमाचा रस्ता मोकळा आहे.

तो रस्ता मोकळा असला तरी फार अरुंद आहे, हे मात्र परंपरावादी लेखक पुरेशा प्रांजळपणे मान्य करत नाहीत. दुरुस्ती काँग्रेसमधून, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतून, पाठवायची तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात, आणि त्यानंतर पन्नासपैकी अडतीस राज्यांची संमती. आजवर फक्त २७ दुरुस्त्या झाल्या असून शेवटची १९९२ साली पूर्ण झाली. भारताची घटना १९५० पासून शंभराहून अधिक वेळा दुरुस्त झाली आहे, त्यामुळे ‘संसदेकडे जा’ असे भारतात सांगणे आणि अमेरिकेत सांगणे यांत मोठे अंतर पडते.

‘डॉब्ज’ निकालाने गर्भपातावर बंदी घातली का?

नाही. २४ जून २०२२ रोजी अलिटो यांनी लिहिलेल्या या निकालाने गर्भपाताला घटनात्मक हक्क मानणारे ‘रो’ (१९७३) आणि ‘केसी’ (१९९२) हे दोन्ही निकाल रद्द केले आणि प्रश्न राज्यांकडे परत पाठवला. खटला मिसिसिपी राज्याच्या पंधरा आठवड्यांनंतर गर्भपात रोखणाऱ्या कायद्याविषयी होता. कायदा टिकवण्याच्या बाजूने सहा न्यायमूर्ती होते, पण ‘रो’ रद्द करण्याच्या बाजूने पाचच; सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचे म्हणणे होते की कायदा वैध ठरवण्यासाठी एवढे दूर जाण्याची गरज नाही.

परंपरावाद्यांचा मुख्य मुद्दा असा होता की, चौदाव्या दुरुस्तीतील ‘यथोचित कायदेशीर प्रक्रिया’ या शब्दांतून न लिहिलेला हक्क काढायचा असेल तर तो राष्ट्राच्या इतिहासात आणि परंपरेत खोल रुजलेला असावा लागतो, आणि गर्भपाताचा हक्क तसा नव्हता. ‘रो’चा युक्तिवाद कच्चा आहे असे म्हणणारे सगळे गर्भपाताचे विरोधक नव्हते. स्वतः गर्भपाताच्या मोकळिकीच्या बाजूने असलेले घटनातज्ज्ञ जॉन हार्ट इली यांनी १९७३ सालीच त्या निकालावर कठोर टीका केली होती. निकालाची टिंगल करण्याआधी किंवा जल्लोष करण्याआधी हा इतिहास माहीत असावा असे मला मनापासून वाटते.

पुढे जे घडले तेही या विचाराच्या कसोटीवर पाहण्यासारखे आहे. ऑगस्ट २०२२मध्ये रिपब्लिकनांचे वर्चस्व असलेल्या कॅन्ससच्या मतदारांनी आपल्या राज्याच्या घटनेतील गर्भपाताचे संरक्षण काढून टाकण्याचा प्रस्ताव ठळक बहुमताने फेटाळला, आणि नोव्हेंबर २०२३मध्ये ओहायोच्या मतदारांनी तसे संरक्षण राज्याच्या घटनेत नव्याने लिहून घेतले. ‘निर्णय लोकांचा’ हे तत्त्व ज्याला खरोखर मान्य आहे, त्याला हे दोन्ही कौल मान्य असले पाहिजेत. सगळ्यांनाच ते मान्य नाहीत: कॅव्हानॉ यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात घटना या प्रश्नावर तटस्थ असल्याचे लिहिले, तर तत्त्वज्ञ जॉन फिनिस यांच्यासारखे काही जण गर्भ हीच चौदाव्या दुरुस्तीतील ‘व्यक्ती’ आहे असे मानतात. हे दुसरे मत स्वीकारले तर प्रश्न राज्यांकडेही राहत नाही.

समलिंगी विवाहाचा हक्कही आता जाणार का?

थॉमस यांनी ‘डॉब्ज’मध्ये तशा निकालांचा फेरविचार व्हावा असे एकट्याने लिहिले होते, बहुमताच्या निकालपत्राने मात्र गर्भपाताचा प्रश्न वेगळा असल्याचे स्पष्ट नोंदवले. समलिंगी विवाहाचा हक्क मान्य करणारा २०१५चा ‘ओबर्गफेल’ निकाल रद्द करावा असेही मागणारी याचिका न्यायालयाने नोव्हेंबर २०२५मध्ये दाखल करून घेण्यास नकार दिला.

शस्त्र बाळगण्याच्या हक्काविषयी ‘इतिहास आणि परंपरा’ ही कसोटी काय आहे?

२०२२च्या ‘ब्रुएन’ निकालात थॉमस यांनी असे ठरवले की, शस्त्रांवर निर्बंध घालणारा कायदा टिकवायचा असेल तर सरकारने त्याच्याशी मिळताजुळता जुना कायदा इतिहासातून दाखवला पाहिजे. खालच्या न्यायालयांची त्यामुळे धांदल उडाली, कारण १७९१ सालचा नेमका कोणता कायदा किती ‘मिळताजुळता’ हे सांगण्याचे शिक्षण न्यायाधीशांना नसते. दोनच वर्षांनी ‘रहिमी’ खटल्यात, कौटुंबिक हिंसेमुळे न्यायालयाचा मनाई हुकूम निघालेल्या माणसाचे शस्त्र काढून घेता येते असा निकाल ८ विरुद्ध १ मतांनी झाला. भिन्नमत एकट्या थॉमस यांचे होते. कायद्याच्या जुळ्या भावाचा शोध घ्यायचा नसून त्यामागचे तत्त्व शोधायचे आहे, असे तेथे स्पष्ट झाले. ही दुरुस्ती आवश्यक होती. तिच्यामुळे न्यायाधीशाच्या हातात पुन्हा बरीच मोकळीक आली हेही तितकेच खरे आहे, आणि तीच मोकळीक कमी करण्यासाठी ही पद्धत पुढे आणली गेली होती.

‘शेव्हरॉन’ तत्त्व रद्द झाल्याने सामान्य माणसाला काय फरक पडतो?

कायद्यातील शब्द संदिग्ध असेल तर तो कायदा राबवणाऱ्या सरकारी खात्याने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयाने मान्य करावा, असे १९८४च्या ‘शेव्हरॉन’ निकालाने सांगितले होते. त्या वेळी तो रेगन सरकारचा विजय होता, कारण पर्यावरण खात्याने उद्योगांना सोयीचा अर्थ लावला होता. स्कॅलिया यांनी १९८९ साली या तत्त्वाचे समर्थनही केले. पुढच्या तीस वर्षांत परंपरावाद्यांचे मत उलटे झाले: एकच शब्द प्रत्येक नव्या सरकारागणिक बदलू लागला तर कायदा करतो तरी कोण, असा त्यांचा प्रश्न होता.

२८ जून २०२४ रोजी ‘लोपर ब्राइट’ खटल्यात रॉबर्ट्स यांनी हे तत्त्व रद्द केले. वादी हेरिंग मासळी पकडणारे मच्छीमार होते. बोटीवर सरकारी निरीक्षक घ्यायचा आणि त्याचा खर्चही आपणच सोसायचा, अशी खात्याची अट होती. हा खर्च दिवसाला सुमारे ७१० डॉलरपर्यंत जाऊ शकत होता. खर्च मच्छीमारांवर टाकता येईल असे कायद्यात कोठेही स्पष्ट लिहिलेले नव्हते.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांना याचा संबंध थेट कळावा असे एक उदाहरण आहे. एच-१बी व्हिसाधारकांच्या काही जोडीदारांना, म्हणजे ज्यांच्या घरचा ग्रीनकार्डाचा अर्ज पुढच्या टप्प्यावर पोचला आहे त्यांना, २०१५पासून नोकरीचा परवाना मिळतो तो काँग्रेसच्या कायद्याने नव्हे, तर खात्याच्या नियमाने. खात्याला हा अधिकार आहे का, हा वाद अनेक वर्षे चालला. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२४मध्ये, म्हणजे ‘लोपर ब्राइट’नंतरही, नियम वैध ठरवला आणि ऑक्टोबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्यास नकार दिला. परवाना टिकला, पण तो खात्याच्या नियमावर उभा आहे आणि नियम खात्यालाच बदलता येतो, ही गोष्ट त्यावर घराचे हप्ते बेतणाऱ्यांनी विसरू नये.

हार्वर्डचा निकाल काय होता?

२९ जून २०२३ रोजी न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांतील वंशाधारित प्रवेशपद्धती अवैध ठरवली. ‘घटना वर्णांध आहे’, म्हणजे ती कोणाचा वर्ण पाहत नाही, हा विचार वर्णविभाजनाविषयीच्या १८९६च्या ‘प्लेसी’ खटल्यातील न्यायमूर्ती हार्लन यांच्या एकाकी भिन्नमतातून येतो. मूलार्थवादाच्या दृष्टीने येथे एक खरी अडचण आहे: ज्या काँग्रेसने चौदावी दुरुस्ती लिहिली तिनेच मुक्त झालेल्या गुलामांसाठी खास मदतीचे कायदे केले होते. ते कायदे वर्णावर नव्हे, तर ‘मुक्त गुलाम’ या स्थितीवर आधारलेले होते असे उत्तर थॉमस यांनी दिले आहे. मला ते अर्धेच पटते.

धर्मस्वातंत्र्याचे निकाल कोणत्या दिशेने गेले?

धार्मिक आचरणाला अधिक जागा देण्याच्या दिशेने. २०२२च्या ‘केनेडी’ निकालाने सामन्यानंतर मैदानावर प्रार्थना करणाऱ्या सरकारी शाळेतील प्रशिक्षकाची बाजू घेतली, आणि जून २०२५च्या ‘महमूद’ निकालाने मेरीलँडमधील पालकांना धर्माशी विसंगत वाटणाऱ्या कथापुस्तकांच्या तासाला मुलांना न बसवण्याची मुभा दिली. हा खटला लढवणाऱ्या पालकांत मुस्लिम कुटुंबही होते.

अध्यक्षाचे अधिकार वाढवणे हा परंपरावादी विचाराचा भाग आहे का?

एका अर्थाने आहे. दुसऱ्या कलमानुसार संपूर्ण कार्यकारी सत्ता अध्यक्षाकडे आहे, म्हणून त्याला आपल्या हाताखालच्या अधिकाऱ्यांना दूर करता आले पाहिजे, नाहीतर ते मतदारांना जबाबदार राहत नाहीत, हा मुद्दा स्कॅलिया यांनी १९८८ साली ‘मॉरिसन’ खटल्यात एकट्याने मांडला होता. स्वतंत्र आयोगांच्या सदस्यांना संरक्षण देणारा १९३५चा ‘हम्फ्रीज एक्झिक्युटर’ निकाल टिकतो का, यावर डिसेंबर २०२५मध्ये ‘स्लॉटर’ खटल्यात युक्तिवाद झाले. त्याआधी मे २०२५च्या एका आदेशात न्यायालयाने फेडरल रिझर्व्ह ही मध्यवर्ती बँक वेगळ्या रचनेची असल्याचे सांगून तिला बाजूला ठेवले. आर्थिक शहाणपणाच्या दृष्टीने ते ठीक आहे, पण हा अपवाद घटनेच्या कोणत्या शब्दांतून निघतो हे त्या आदेशातून कळत नाही.

जुलै २०२४च्या निकालाने माजी अध्यक्षाला अधिकृत कृत्यांसाठी फौजदारी खटल्यापासून जे व्यापक संरक्षण दिले, ते मला या विचाराशी सर्वांत विसंगत वाटते. घटनेच्या मजकुरात असे संरक्षण लिहिलेले नाही. बॅरेट यांनीही त्या निकालातील पुराव्याविषयीच्या भागाला साथ दिली नाही. मजकुरात नसलेला हक्क ‘डॉब्ज’मध्ये नाकारायचा आणि मजकुरात नसलेले संरक्षण येथे रचनेतून काढायचे, या दोहोंचा मेळ बसवणे अवघड आहे.

जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाचा वाद काय आहे, आणि त्यात परंपरावादी एकमताचे आहेत का?

एकमताचे मुळीच नाहीत. २० जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी काढलेल्या आदेशानुसार, आई बेकायदा किंवा कायदेशीर पण तात्पुरत्या व्हिसावर राहत असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसतील, तर पुढे अमेरिकेत जन्मणाऱ्या मुलाला नागरिक मानायचे नाही. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावरची असंख्य भारतीय, अर्थात मराठीही, कुटुंबे या व्याख्येत सरळ बसतात. एडिसन किंवा सॅन होजे येथे राहणाऱ्या गरोदर स्त्रीला तिच्या बाळाचे नागरिकत्व कोणत्या पुस्तकात शोधायचे असा प्रश्न पडावा, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

चौदावी दुरुस्ती अमेरिकेत जन्मलेल्या आणि ‘तिच्या अधिकारक्षेत्राच्या अधीन’ असलेल्या व्यक्तींना नागरिक ठरवते; वाद या शेवटच्या शब्दांचा आहे. १८९८ साली ‘वाँग किम आर्क’ खटल्यात सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या, चिनी आईवडिलांच्या मुलाला न्यायालयाने नागरिक ठरवले. आदेशाचे समर्थक म्हणतात की त्याचे आईवडील तेथे कायमचे वास्तव्य करून होते, म्हणून तो निकाल तात्पुरत्या रहिवाशांना लागू नाही. रॅंडी बार्नेट आणि इलान वुर्मन या अभ्यासकांनी तशा दिशेने युक्तिवाद केला. उलट बाजूला मायकल रॅम्झी यांच्यासारखे मूलार्थवादी अभ्यासक आहेत, आणि पुढे अपील न्यायाधीश झालेले जेम्स हो यांनी २००६ सालीच जन्माधारित नागरिकत्वाचे समर्थन करणारा लेख लिहिला होता. आदेशाला पहिली स्थगिती देताना तो उघडउघड घटनाविरोधी असल्याचे सांगणारे सिअॅटलचे न्यायाधीश रेगन यांनी नेमलेले होते. मला हीच बाजू मजबूत वाटते, कारण देशात राहणारा परका माणूस तेथील कायदा मोडला तर तुरुंगात जातो, म्हणजे तो त्या अधिकारक्षेत्राच्या अधीन असतोच. अपवाद परकीय राजदूतांचा आणि शत्रुसैन्याचा होता.

२७ जून २०२५च्या ‘कासा’ निकालात न्यायालयाने नागरिकत्वाचा प्रश्न हाताळलाच नाही. एका जिल्हा न्यायाधीशाने साऱ्या देशाला लागू होणारा मनाई हुकूम काढावा का, एवढेच ठरवून बॅरेट यांनी तसा अधिकार १७८९च्या कायद्यात नसल्याचे लिहिले. त्यानंतर वादी सामूहिक दाव्याच्या मार्गाने गेले, आणि डिसेंबर २०२५मध्ये न्यायालयाने मूळ प्रश्न सुनावणीसाठी स्वीकारला.

या वादाचा भारताच्या राज्यघटनेशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो जुना आहे. घटनेच्या मसुद्याचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेला गेले असता न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी त्यांना ‘ड्यू प्रोसेस’, म्हणजे वर आलेल्या ‘यथोचित कायदेशीर प्रक्रिया’, या शब्दांपासून सावध केले, कारण त्या दोन शब्दांच्या आधारे अमेरिकी न्यायालयांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कामगार कायदे पाडले होते. भारताच्या घटनेत त्यामुळे ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ असे शब्द आले. १३ डिसेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत दोन्ही बाजूंचे धोके मांडले: विधिमंडळ पक्षाच्या जोरावर हक्क तुडवू शकते, आणि मूठभर न्यायाधीश आपल्या मताने कायदा पाडू शकतात. निर्णय त्यांनी सभागृहावर सोपवला. ‘डॉब्ज’मधील बहुमत आणि भिन्नमत ओळीने वाचताना ते भाषण जवळ ठेवावे. १९७८च्या ‘मनेका गांधी’ निकालाने भारतात ते वगळलेले शब्द आशयाने परत आणले.

निकालपत्र स्वतः वाचायचे असेल तर सुरुवात कोठून करावी?

न्यायालयाचे सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होते आणि मोठे निकाल बहुधा जूनच्या अखेरीस येतात; सर्व निकालपत्रे न्यायालयाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. आरंभीचा सारांश हा निकालाचा भाग नसतो, म्हणून त्यावर थांबू नये. बहुमताचे निकालपत्र वाचून झाल्यावर भिन्नमत वाचावे, आणि मग कोणत्या न्यायमूर्तीने कोणत्या भागाला साथ दिली नाही ते पहिल्या काही पानांवर परत येऊन तपासावे. ‘सहा विरुद्ध तीन’ या बातमीच्या मथळ्यात न मावणाऱ्या गोष्टी बहुतेक वेळा तेथे सापडतात.